डबल सीट बाइक चालवताना: गाडीची तयारी, ब्रेक, वळणं आणि मागे बसणाऱ्याची बाजू

सावकाश_चालक

डबल सीट म्हणजे तीच गाडी, फक्त मागे एक माणूस जास्त, असं आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. १५० किलोची बाइक आणि ७० किलोचा चालवणारा, म्हणजे २२० किलो झाले. मागे तेवढ्याच वजनाचा माणूस बसला की एकूण वजन जवळपास एक तृतीयांशाने वाढतं, आणि ही वाढ दोन्ही चाकांवर सारखी पडत नाही. मागची सीट मागच्या चाकाच्या जवळजवळ वरच असते, त्यामुळे नवं वजन बहुतेक सगळं मागच्या टायरवर येतं. शिवाय ते उंचावर असतं. मागचा शॉकॲब्सॉर्बर दबतो, गाडीचं तोंड किंचित वर होतं, हँडल हलकं लागतं, वळायला सुरुवात करताना गाडी जरा उशिरा ऐकते, आणि वळणात फुटरेस्ट किंवा स्टँड जमिनीला लवकर टेकतो.

मागे बसणाऱ्याची बाजू मला याहून महत्त्वाची वाटते. त्याच्या हातात ना हँडल, ना ब्रेक, आणि समोर दिसतं ते तुमचं हेल्मेट. खड्डा कधी येणार, ब्रेक कधी लागणार, गिअर कधी बदलणार, यातलं त्याला आधी काहीच कळत नाही. ब्रेक दाबताना तुमचं शरीर सावरलेलं असतं. त्याचं शरीर ब्रेक लागल्यावर सावरायला लागतं. म्हणून वेग किती आहे याच्या इतकंच तो किती झटकन बदलतोय याकडे लक्ष हवं. ताशी ५० वर एका लयीत चाललेल्या गाडीवर मागचा निवांत बसतो. तोच माणूस ताशी ३० वर चार वेळा थ्रॉटल सोडला-पिळला तर घाबरून जातो.

माझी पद्धत अशी: थ्रॉटल उघडताना आणि सोडतानाही मनगट हळू. गिअर जरा लवकर बदलायचे. खालचा गिअर टाकताना क्लच एकदम सोडायचा नाही, नाहीतर इंजिन ब्रेकचा (इंजिनच चाकाला रोखतं त्याचा) झटका बसतो आणि मागच्याचं हेल्मेट आपल्या हेल्मेटवर आदळतं. ही हेल्मेटांची टक्कर मी मोजमाप म्हणून वापरतो: ती झाली, की माझा हात घाईत होता. पुढच्या गाडीपासून एकटा असताना दोन सेकंदांचं अंतर ठेवतो, डबल सीट असताना तीन किंवा जास्त. ताशी ६० ला गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर पुढे जाते, त्यामुळे एक जास्तीचा सेकंद फार कामाचा असतो. ओव्हरटेकचं गणितही नव्याने करावं लागतं. तेवढाच वेग पकडायला जास्त वेळ आणि जास्त रस्ता लागतो, म्हणून एकटं असताना जी मोकळी जागा पुरली असती ती सोडून द्यायची.

तुमचे अनुभव आणि मतं लिहा. नेहमी मागे बसणाऱ्यांनी तर जरूर लिहा.

मागची_सीट

बोलावलंत म्हणून सविस्तर लिहिते. मी स्वतः गाडी चालवत नाही, पण मागे बसून लांबचे प्रवास भरपूर केले आहेत.

बसण्यापासून सुरुवात करू. चालवणाऱ्याने आधी बसायचं, साइड स्टँड वर घ्यायचा, दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवायचे, पुढचा ब्रेक दाबून धरायचा आणि तोंडाने "बस" म्हणायचं. तोवर मागच्याने गाडीला हात लावायचा नाही. हे "बस" ऐकायच्या आत फुटरेस्टवर पाय देऊन चढणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यामुळे उभी गाडी कलंडलेलीही पाहिली आहे. उतरताना तेच उलट: गाडी पूर्ण थांबलेली, पाय टेकलेले, "उतर" ऐकलं, मग वाहनं येत नसतील त्या बाजूला उतरायचं. सायलेन्सर कुठल्या बाजूला आहे हे बसण्याआधी बघून ठेवा. पोटरी भाजते ती बहुतेक उतरतानाच.

एकदा बसल्यावर पाय फुटरेस्टवरच. सिग्नलला गाडी थांबली की मागच्याचे पाय आपोआप खाली जातात, मदत करायच्या भावनेने. त्याने मदत होत नाही, तोल बिघडतो. गाडी उभी धरणं हे चालवणाऱ्याचं काम.

वळणात काय करायचं हे मला कुणी नीट सांगितलं नव्हतं, म्हणून इथे लिहून ठेवते. वळण ज्या बाजूला आहे, चालवणाऱ्याच्या त्या खांद्यावरून पुढे बघायचं. उजवं वळण असेल तर उजव्या खांद्यावरून. एवढं केलं की शरीर हवं तेवढंच झुकतं. मुद्दाम झुकायचं नाही, आणि भीतीने उलट बाजूला ताठ तर मुळीच व्हायचं नाही. गाडी कलली की आपण पडणार असं वाटतं खरं, पण गाडी वळते ती कललेली असते म्हणूनच. मागचा सरळ राहिला तर चालवणाऱ्याला तेवढ्याच वळणासाठी गाडी जास्त कलवावी लागते.

धरायचं कशाला यावर मतं वेगळी आहेत. मी एक हात चालवणाऱ्याच्या कमरेला आणि दुसरा मागच्या ग्रॅब रेलला (सीटमागच्या धरायच्या दांडीला) धरते. गाडी वेग घेते तेव्हा कमरेचा हात उपयोगी पडतो, ब्रेक लागतो तेव्हा रेलचा. खांदे धरू नयेत. तुमचा प्रत्येक धक्का मग हँडलमध्ये उतरतो.

गॅरेजवाला

गाडीच्या बाजूने थोडं. दुरुस्तीला येणाऱ्या गाड्यांमध्ये डबल सीटसाठी काही सेट केलेलं क्वचितच दिसतं.

आधी हवा. स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) किंवा चेन कव्हरवर स्टिकर असतो आणि पुस्तिकेतही तक्ता असतो. त्यात एकट्यासाठी आणि दोघांसाठी वेगळे आकडे दिलेले असतात. पुढच्या टायरचा आकडा बहुतेक तोच राहतो किंवा किंचित वाढतो, मागच्याचा स्पष्ट जास्त असतो. हवा टायर थंड असताना तपासायची. तासभर चालवून आल्यावर दाब वाढलेला दिसतो, तो बघून हवा सोडू नका. कमी हवेवर दोघं बसले की टायरची बाजू सतत दुमडत राहते, टायर तापतो, आणि वळणात मागचं चाक डुलल्यासारखं वाटतं. अनेकांना तो रस्त्याचा दोष वाटतो.

मग शॉकॲब्सॉर्बरचा प्रीलोड. मागच्या शॉकच्या खाली किंवा वर पायऱ्या-पायऱ्यांची रिंग असते, ती गाडीच्या टूलकिटमधल्या सी-स्पॅनरने फिरते. डबल सीटला एक-दोन पायऱ्या वर घ्या. प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते असं सर्रास सांगतात, ते बरोबर नाही. स्प्रिंग तेवढीच मऊ किंवा कडक राहते; तिला आधीच थोडं दाबून ठेवल्यामुळे वजन पडल्यावर गाडी कमी बसते. मागची बाजू योग्य उंचीवर राहिली की सावकाश_चालक यांनी सांगितलेल्या अर्ध्याअधिक तक्रारी कमी होतात: हँडल हलकं लागणं, उशिरा वळणं, स्टँड घासणं. एकटे चालवाल तेव्हा रिंग परत खाली आणा आणि हवाही एकट्याच्या आकड्यावर घ्या.

चेनचं बहुतेकांना माहीत नसतं. पुढचं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चक्र), स्विंगआर्मची पिन आणि मागचा ॲक्सल (चाकाचा आस) एका रेषेत आले की चेन सर्वांत जास्त ताणली जाते. दोघं बसून मागचा शॉक दबला की गाडी त्या स्थितीच्या जवळ जाते. रिकाम्या गाडीवर चेन "मस्त टाइट" करून ठेवली असेल तर दोघं बसल्यावर तिला ढिलाई उरतच नाही, आणि भार गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर आणि स्प्रॉकेटवर जातो. पुस्तिकेत सांगितलेली ढिलाई ठेवा, त्याहून घट्ट करू नका.

शेवटी वजनाची मर्यादा. पुस्तिकेत कमाल एकूण वजन असतं. त्यातून इंधनासह गाडीचं वजन वजा करा. जे उरतं त्यात दोन माणसं, दोन हेल्मेटं, जॅकेटं आणि सगळं सामान बसायला हवं. हा हिशेब एकदा कागदावर करा, अनेकांना उरलेला आकडा वाटला होता त्यापेक्षा कमी निघतो. टायरच्या बाजूवर आकारानंतर भाराचा अंक छापलेला असतो: ५४ असेल तर २१२ किलो, ५८ असेल तर २३६ किलो. स्वस्तातला टायर बदलून टाकताना हा अंक आधीच्यापेक्षा कमी नाही ना, एवढं बघाच.

नवशिकी

फार उपयोगी माहिती. एक शंका आहे. मागे कोणी असताना पुढचा ब्रेक जोरात दाबायची भीती वाटते. मागचा माणूस अंगावर येतो आणि आपण पुढे फेकले जाऊ असं वाटतं. म्हणून मी मागचाच ब्रेक वापरते. हे चुकीचं आहे का?

वळणवाट

हो, फक्त मागच्यावर विसंबणं धोक्याचं आहे. कारण समजलं की भीती कमी होईल, म्हणून जरा खोलात लिहितो.

ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढच्या चाकाकडे सरकतं, एकटे असा किंवा दोघं. त्यामुळे जोरात थांबताना मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. डबल सीटला फरक इतकाच, की मागच्या चाकावर मुळातच जास्त वजन असल्याने ते लवकर लॉक होत नाही (फिरायचं थांबून घसरत नाही) आणि मागचा ब्रेक एरवीपेक्षा जास्त उपयोगी पडतो. म्हणून दोन्ही वापरा, आणि मागच्याला नेहमीपेक्षा मोठा वाटा द्या.

वजन वाढलं म्हणून थांबण्याचं अंतर त्याच प्रमाणात वाढतं असं अनेकदा सांगितलं जातं. ते तितकं सरळ नाही. वजन वाढलं की टायरची पकडही वाढते, त्यामुळे टायरची मर्यादा फारशी खाली येत नाही. अंतर वाढतं ते इतर कारणांनी. तेवढ्याच वेगात गाडी आणि माणसांकडची ऊर्जा एक तृतीयांशाने जास्त असते, ती सगळी ब्रेकला गिळावी लागते, म्हणून लिव्हर जास्त जोराने दाबावा लागतो. हात मात्र नेहमीच्याच जोराने दाबतो. त्यात मागचा माणूस पुढे सरकून अंगावर रेलतो, आपले कोपर ताठ होतात, आणि आपण नकळत ब्रेक सैल करतो. लांब उतारावर ब्रेक तापून मंद होण्याची शक्यताही वाढते. तिथे उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकून इंजिनला काम करू द्यायचं.

लिव्हर दाबताना एकदम मूठ आवळायची नाही. आधी हलका दाब, पुढचा शॉक खाली बसेपर्यंत. मग दाब वाढवत न्यायचा. या पहिल्या हलक्या दाबाने दोन कामं होतात: पुढच्या टायरवर वजन येऊन पकड तयार होते आणि मागच्याला सावरायला क्षणभर मिळतो. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरा, म्हणजे मागून आलेला भार मनगटांवर न येता मांड्यांवर येतो.

एबीएस असेल तर उत्तमच. उत्पादनातल्या मोटरसायकलवर इलेक्ट्रॉनिक एबीएस पहिल्यांदा १९८८ मध्ये बीएमडब्ल्यूच्या के१०० वर आलं, आता ते लहान गाड्यांवरही सर्रास दिसतं. ते चाक लॉक होऊ देत नाही. पण साधं एबीएस वळणात कललेल्या गाडीला सावरेलच असं नाही, म्हणून डबल सीटला वेग वळणाआधीच कमी करून घ्या.

सराव करायचा असेल तर रिकामं मैदान आणि तयार असलेला साथीदार शोधा. ताशी २० पासून सुरू करा. ब्रेक लावणार हे त्याला आधी सांगा. मग हळूहळू वेग वाढवा.

मागची_सीट

वळणवाट यांच्या लिखाणाला मागच्या बाजूची पुरवणी. ब्रेक लागताना मी चालवणाऱ्यावर रेलत नाही. दोन्ही पाय फुटरेस्टवर दाबते, गुडघ्यांनी सीट धरते आणि रेलवरच्या हाताने स्वतःला मागे रोखते. काही गाड्यांवर हात पुढे नेऊन टाकीवर टेकवता येतो, तेही चांगलं. हे आधी ठरलेलं असेल तर चालवणाऱ्याला पुढचा ब्रेक दाबायची भीती राहत नाही. नवशिकी ताई, निघण्याआधी मागच्याला हे दोन मिनिटांत शिकवा, खूप फरक पडेल.

आपत्कालीन_कक्ष

मी रुग्णालयात काम करतो, त्यामुळे हेल्मेटबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. चालवणाऱ्याच्या डोक्यावर चांगलं हेल्मेट आणि मागच्याच्या डोक्यावर घरात पडलेलं जुनं, सैल, पट्टा तुटलेलं, हे दृश्य मला फार अस्वस्थ करतं. पडताना दोघंही त्याच वेगाने पडतात, आणि मागच्याला पडण्याची चाहूलही नसते.

मोटरसायकलवरच्या डोक्याच्या जखमांचा पद्धतशीर अभ्यास न्यूरोसर्जन ह्यू केर्न्स यांनी केला. १९३५ मध्ये टी. ई. लॉरेन्स ('लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून ओळखले जाणारे ब्रिटिश अधिकारी) मोटरसायकल अपघातात जखमी होऊन वारले, तेव्हा त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत केर्न्स होते. १९४१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी हेल्मेटच्या महत्त्वावर लेख लिहिला. पुढे कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २००८ च्या आढाव्यात ६१ अभ्यास एकत्र पाहिले गेले. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो असं त्यात दिसलं. हा फायदा मागे बसणाऱ्यालाही हवा.

मागच्याचं हेल्मेट त्याच्या मापाचं असावं. पट्टा लावून हेल्मेट मागून वर ढकलून पाहा. पुढे सरकून निघायला लागलं तर ते मोठं आहे. हातमोजे, अंगभर जाड कपडे आणि घोट्यापर्यंतचे बूट दोघांनाही हवेत. ओढणी, लांब स्कार्फ, पायघोळ कपडा, बुटाची सुटलेली नाडी, बॅगेचा लोंबणारा पट्टा, यातलं काहीही मागच्या चाकात किंवा चेनमध्ये जाऊ शकतं. निघण्याआधी हे चालवणाऱ्याने स्वतः बघावं. मागच्याला त्याचं स्वतःचं चाक दिसत नसतं.

एका बाजूला दोन्ही पाय टाकून बसण्याबद्दलही स्पष्ट लिहितो: टाळा. वजन एका अंगाला जातं, गुडघ्यांनी काही धरता येत नाही, आणि ब्रेक लागला की शरीर फिरतं.

नवशिकी

मुलांना मागे बसवायचं वय किती?

आपत्कालीन_कक्ष

वयाचा नियम जागोजागी वेगळा असतो, तो पाळाच. त्याखेरीज माझ्या तीन अटी: पाय फुटरेस्टवर पूर्ण टेकायला हवेत, मापाचं हेल्मेट हवं, आणि पूर्ण प्रवासभर धरून बसण्याची ताकद आणि समज हवी. झोप येणाऱ्या वेळी लहान मुलाला नेऊ नका. झोपलेल्या मुलाचे हात सुटतात आणि चालवणाऱ्याला ते कळतही नाही. टाकीवर पुढे बसवणं तर नकोच. धडक झाली तर मूल हँडल आणि मोठ्या माणसाच्या वजनामध्ये सापडतं.

वळणवाट

सामानाचं राहिलं. मागचा माणूस असेल तेव्हा पाठीवरची जड सॅक त्याच्याकडे देऊ नका, ती त्याला वेग घेताना मागे ओढते. जड वस्तू टँक बॅगेत किंवा साइड बॅगांत खालच्या बाजूला ठेवा. टॉप बॉक्स मागच्या ॲक्सलच्याही मागे असतो, त्यामुळे त्यातलं वजन तरफेसारखं पुढचं चाक उचलतं. त्यात कपडे, रेनकोट असं हलकंच ठेवा. जास्त वेगात पुढचं हँडल थरथरायला लागलं तर पहिला संशय टॉप बॉक्सवर घ्या.

नवशिकी

आणखी एक. माझ्या मागे बसणारी व्यक्ती माझ्यापेक्षा बरीच जड आहे. चालू लागल्यावर ठीक असतं, पण यू-टर्न आणि गर्दीत हळू चालवताना तोल जातो.

सावकाश_चालक

वेग असतो तेव्हा गाडी बऱ्याच अंशी स्वतःच सरळ राहते. चालण्याच्या वेगाला ते उरत नाही, आणि मागच्याने नुसतं वळून बघितलं तरी हँडलला कळतं. त्यामुळे तुम्हाला नेमकं तिथेच जड जातंय ते स्वाभाविक आहे.

हळू वेगात पुढच्या ब्रेकला हात लावू नका. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी त्या बाजूला बसते, आणि जड माणूस मागे असताना ती पायाने सावरता येत नाही. त्याऐवजी क्लच अर्धा धरा, थ्रॉटल किंचित आणि स्थिर ठेवा, आणि वेग मागच्या ब्रेकने आवरा. इंजिनची ओढ आणि मागच्या ब्रेकचा रोध एकाच वेळी चालू राहिले की गाडी ताठ चालते. नजर जिथे जायचंय तिथे, चाकापुढच्या जमिनीकडे नाही. मागच्याला सांगा, की अशा वेळी पोत्यासारखं स्थिर बसायचं. आधी एकटीने हे जमवा, मग हलका साथीदार घ्या, मग त्या व्यक्तीला.

जागा अरुंद असेल किंवा उतारावर यू-टर्न असेल तर मागच्याला सरळ उतरायला सांगा. गाडी वळवून घ्या आणि पुन्हा बसवा. यात कमीपणा काहीच नाही.

मागची_सीट

हो, मला उतरायला सांगणारा चालक मला जास्त भरवशाचा वाटतो.

खुणांचं कुणी लिहिलं नाही. वाऱ्यात ओरडून काही ऐकू येत नाही आणि ओरडण्याने चालवणारा दचकतो. आमचं ठरलेलं आहे: मांडीवर एक थाप म्हणजे हळू, दोन थापा म्हणजे सोय बघून थांब, सतत थापा म्हणजे आत्ता थांब. हळू म्हटलं की कारण न विचारता वेग कमी होतो, कारण थांबल्यावर बोलतो. इंटरकॉम असेल तरी या खुणा ठरवून ठेवा, बॅटरी संपतेच. आणि दर तासाभराने थांबा. मागच्याचे गुडघे चालवणाऱ्याच्या आधी आखडतात आणि आखडलेला माणूस सारखा हलत राहतो.

नवशिकी

मागे कोणी बसलं की हेडलाइटचा झोत वर जातो, त्याचं काय करायचं?

गॅरेजवाला

आधी हवा आणि प्रीलोड नीट करा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच झोत खाली येतो. तरी वर राहिला तर हेडलाइटच्या मागे किंवा खाली समायोजनाचा स्क्रू असतो. संध्याकाळी सपाट जागी भिंतीसमोर काही मीटरवर गाडी उभी करा. एकटे बसून लो-बीमची वरची कडा भिंतीवर खडूने आखा. मग दोघं बसा आणि झोत त्या रेषेवर येईपर्यंत स्क्रू फिरवा. स्क्रू किती फिरवला ते लिहून ठेवा, म्हणजे परत एकटे चालवताना तेवढाच उलटा फिरवता येईल. हे करताना भिंतीपासूनचं अंतर बदलू देऊ नका आणि गाडी स्टँडवर नको, चाकांवर सरळ उभी हवी. झोत पाहायला तिसरा माणूस घ्या, तुम्ही दोघं गाडीवरच बसलेले असाल.